ग्रंथांत उरलेले एक क्रियापद



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली होती. तिचे आईवडील खानदेशातून कडोदऱ्याच्या गिरण्यांत कामासाठी आले आणि आपल्या पलसाणा तालुक्यातच स्थिरावले. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती, अशा तीन भाषांच्या संगतीत ती वाढली. आता महाविद्यालयात तिने फ्रेंच भाषा घेतली आहे. त्या दिवशी तिच्या हातात एका जुन्या फ्रेंच प्रवासवर्णनाची काही पाने होती. सुरतेविषयी आणि शिवाजी महाराजांविषयी परदेशी प्रवाशांनी काय लिहून ठेवले आहे, ते मुळातून वाचावे, अशी तिची हौस. परंतु एका वाक्यापाशी ती अडली होती.

ते वाक्य येथे देत नाही. त्याच साच्याचे एक वाक्य मी स्वतः रचून देतो. उच्चार देवनागरीत लिहावयाचा तर तो साधारण असा होईल:

ले मार्शां क्रेन्ये किल न प्री ला व्हिल.

यातील ‘ले मार्शां’ म्हणजे व्यापारी, ‘क्रेन्ये’ म्हणजे भीत होते, ‘ला व्हिल’ म्हणजे शहर. ‘प्री’ म्हणजे घेतले, आणि ‘न’ हा फ्रेंचमध्ये नकाराचा शब्द. एवढ्या सामग्रीवर आमच्या या मुलीने अर्थ लावला: ‘व्यापारी भ्याले होते, त्याने शहर घेतले नाही.’ मग ती मला म्हणाली, “सर, इतिहासात तर आपण वेगळेच शिकलो. हा मनुष्य असे कसे लिहितो?”

त्या मनुष्याने तसे लिहिलेच नव्हते. शहर घेतले की नाही, याविषयी त्या वाक्यात चकार शब्द नाही. ‘तो शहर घेईल की काय, अशी व्यापाऱ्यांना भीती वाटत होती,’ एवढाच त्याचा अर्थ. जे केवळ मनात होते, ते या मुलीने जमिनीवर घडलेले म्हणून वाचले. चूक एका क्रियारूपाची आणि त्यावरील एका बारीकशा खुणेची. परंतु परिणाम असा, की भीतीची बातमी झाली आणि बातमीचा इतिहास झाला असता.

चूक समजल्यावर तिने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख आहे. ती म्हणाली, “हे रूप आता फ्रान्समध्ये कोणी बोलत नाही, आमच्या पाठ्यपुस्तकातही ते नाही. मग ते शिकायचे कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ते रूप कोणते, ते कसे घडते आणि ते बोलण्यातून का गेले, हे पाहू. या कामी आपली मराठी, आणि आपल्या भोवतालची गुजरातीही, आपल्याला किती उपयोगी पडते, हे पाहून तुम्हांला नवल वाटेल.

प्रथम कोणी म्हणेल, की पलसाण्याच्या मुलांना फ्रेंचचे प्रयोजन काय? परंतु येथून मोटारने तासाभराच्या वाटेवर असलेल्या सुरतेचा आणि फ्रेंचांचा संबंध फार जुना आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना झाली. १६६६ च्या आरंभी झां द तेव्हनो हा प्रवासी सुरतेत उतरला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात महाराजांच्या स्वारीची हकीकत लिहिली. १६६८ साली फ्रान्स्वा कारों याने सुरतेत फ्रेंचांची वखार घातली. हिंदुस्थानातील फ्रेंचांची ही पहिली वखार होय. फ्रान्स्वा बर्निए या वैद्यकी जाणणाऱ्या प्रवाशानेही सुरतेच्याच बंदरातून या देशात पाऊल टाकले होते. महाराजांच्या स्वारीत कापुचिन पंथाच्या फादर आंब्रोझ यांच्या निवासाला धक्का लागला नाही, ही नोंद बर्निएच्या ग्रंथात सापडते. पुढे सुरतेतील फ्रेंचांचे महत्त्व ओसरले, तरी त्यांच्या वखारीच्या जागेवरील त्यांचा हक्क १९४७ सालापर्यंत राहिला. तात्पर्य, आपल्या या प्रांताच्या इतिहासाची काही पाने फ्रेंच भाषेत लिहिलेली आहेत, आणि ती सतराव्या शतकातील फ्रेंचमध्ये आहेत. त्या काळच्या गद्यात आपले हे रूप पदोपदी भेटते.

आता व्याकरणाकडे वळू. क्रियापद केवळ ‘केव्हा’ हे सांगत नाही. बोलणारा ती गोष्ट कोणत्या भावनेने सांगतो, हेही ते सुचवते. ‘तो आला’ या वाक्यात घडलेली गोष्ट आहे. ‘तू ये’ यात आज्ञा आहे. ‘त्याने यावे’ यात इच्छा किंवा कर्तव्य आहे. ‘तो आला असता’ यात न घडलेली, केवळ कल्पिलेली गोष्ट आहे. आपल्या व्याकरणात यांना अनुक्रमे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ म्हणतात. येथे एका गोष्टीचे स्मरण करून देण्यासारखे आहे. ज्यांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या १८३६ सालच्या ग्रंथाने मराठी व्याकरणाचा पाया घातला, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे शिक्षक म्हणून सुरतेत राहिले होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजी प्रभृतींच्या समवेत सुरतेत मानवधर्म सभा स्थापन करण्यात त्यांचा वाटा होता. म्हणजे मराठी व्याकरणाचा विचार सुरतेच्या परिसराला काही परका नाही.

इच्छा, भीती, शंका, गरज, म्हणजे जे मनात आहे पण अद्याप प्रत्यक्षात उतरले आहे असे बोलणारा सांगत नाही, त्यासाठी फ्रेंचमध्ये क्रियापदाची एक निराळी रूपमाला आहे. तिला आपण ‘मनोगतार्थ’ म्हणू. हे नाव मी सोयीसाठी दिले आहे. आपला विध्यर्थ आणि आपला संकेतार्थ या दोघांचे पुष्कळसे काम ही एकच रूपमाला करते. ‘क’ हा फ्रेंच शब्द आपल्या ‘की’ सारखा दोन वाक्ये जोडतो; ‘क’ आणि ‘इल’ म्हणजे ‘तो’, हे दोन मिळून ‘किल’ होते. मनोगतार्थाचे रूप बहुधा या ‘क’ च्या पाठोपाठ येते.

आता ही दोन वाक्ये पाहा:

झ व्हो किल व्हियेन. (त्याने यावे, अशी माझी इच्छा आहे.)

झ व्हुले किल व्हॅं. (त्याने यावे, अशी माझी इच्छा होती.)

मराठीत दोन्हीकडे ‘यावे’ हेच रूप आहे. ‘आहे’ चे ‘होती’ झाले तरी ‘यावे’ जागचे हलत नाही. जुन्या फ्रेंचचा नियम मात्र कडक होता. मुख्य क्रियापद वर्तमानकाळी असेल, तर गौण वाक्यातील मनोगतार्थही वर्तमानकाळी, म्हणजे ‘व्हियेन’. मुख्य क्रियापद भूतकाळी झाले, की गौण वाक्यातील रूपानेही भूतकाळाची वस्त्रे परिधान केली पाहिजेत, म्हणजे ‘व्हॅं’. राजा मागे वळला की सेवकानेही मागे वळावे, तसाच हा प्रकार. हे जे दुसरे रूप, मनोगतार्थाचा भूतकाळ, तेच आपल्या लेखाचे नायक होय.

ते घडवण्याची रीत सोपी आहे. फ्रेंचमध्ये एक साधा भूतकाळ आहे, तोही आज बहुधा ग्रंथांतच आढळतो. त्यातील ‘तू’ चे रूप घ्यावयाचे आणि त्यापुढे ‘एस’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे जोडावयाची, की ‘मी’ चे रूप तयार होते. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. त्यापासून ‘मी’ आणि ‘तू’ यांचे रूप ‘पार्लास’, ‘आम्ही’ चे ‘पार्लास्यों’, ‘तुम्ही’ चे ‘पार्लास्ये’ आणि ‘ते’ चे पुन्हा ‘पार्लास’. केवळ ‘तो’ चे रूप निराळे आहे. तेथे ‘एस’ नाही. त्याऐवजी स्वराच्या डोक्यावर एक छपरासारखी खूण आणि शेवटी न उच्चारला जाणारा ‘टी’. त्याचा उच्चार ‘पार्ला’.

गंमत अशी, की साध्या भूतकाळातील ‘तो बोलला’ याचाही उच्चार ‘पार्ला’ असाच होतो. ‘प्री’ चे आणि ‘व्हॅं’ चेही तसेच. घडलेली गोष्ट आणि मनातली गोष्ट कानाला एकसारखी. डोळ्याला मात्र निराळी. आमच्या विद्यार्थिनीच्या वाक्यात ‘प्री’ मधील ‘आय’ या अक्षरावर टिंबाऐवजी छप्पर होते. तेच तिच्या नजरेतून सुटले.

हे छप्पर आले कोठून? त्याची कथा मनोरंजक आहे. फ्रेंच भाषा लॅटिनपासून निघाली. लॅटिनमध्ये ‘प्रेम केले असते’ अशा अर्थाचे ‘अमाव्हिस्सेत’ हे रूप होते. जिभेवर झिजत झिजत त्याचे ‘अमास्सेत’ झाले, आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘अमास्त’ झाले. पुढे त्यातील ‘स’ चा उच्चार लोपला. कालांतराने लिहिण्यातूनही ते अक्षर गेले, आणि त्याची आठवण म्हणून मागच्या स्वरावर छप्पर बसले. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या १७४० सालच्या आवृत्तीत असे अनेक मुके ‘एस’ काढून टाकण्यात आले. हा प्रकार केवळ क्रियापदांत नाही. इंग्रजी ‘हॉस्पिटल’ हा शब्द फ्रेंचमध्ये ‘ओपिताल’ असा आहे, आणि त्यातील ‘ओ’ वर छप्पर आहे. आपल्या मराठीत हा शब्द पोर्तुगीजांकडून ‘इस्पितळ’ होऊन आला, म्हणून तो हरवलेला ‘स’ आपल्याकडे सुखरूप आहे! इंग्रजी ‘फॉरेस्ट’ हा फ्रेंचमध्ये ‘फोरे’. त्याच्याही डोक्यावर छप्पर. जेथे छप्पर दिसेल, तेथे पुष्कळदा एक ‘स’ चिरनिद्रा घेत आहे असे समजावे.

न उच्चारलेली खूण लिहावी कशाला, असे तुम्हांला वाटेल. परंतु आपल्या आजोबांच्या वेळची मराठी पुस्तके उघडून पाहा. त्यांत ‘कसें’, ‘तेथें’, ‘त्यानें’ अशा शब्दांवर अनुस्वार दिसतील. त्यांचा उच्चार तेव्हाही होत नसे; पूर्वी कधीकाळी तेथे असलेल्या अनुनासिकाची ती स्मृती होती. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले. लिहिणे सुलभ झाले, यात शंका नाही. पण त्याबरोबर ‘नांव’ म्हणजे मनुष्याचे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा डोळ्यांना दिसणारा भेदही गेला. आता संदर्भावरून अर्थ ठरवावा लागतो. फ्रान्समध्ये १९९० साली अशाच सुधारणा सुचवण्यात आल्या. ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरील छपरे पुष्कळ शब्दांतून काढण्यास हरकत नाही, असे ठरले. परंतु आपल्या या क्रियारूपावरील छप्पर मात्र राखून ठेवण्यात आले. कारण उघड आहे. ते काढले असते, तर ‘घेतले’ आणि ‘घ्यावे’ यांत कागदावरही भेद उरला नसता.

त्या वाक्यातील ‘न’ चे कोडे अद्याप उरले आहे. भीतीच्या क्रियापदानंतर येणारा हा ‘न’ नकार दाखवत नाही. मनुष्य जेव्हा भितो, तेव्हा त्याच्या मनात ‘असे न होवो’ ही प्रार्थना असते. तिची सावली वाक्यात पडते, एवढेच. लॅटिन भाषेतही ही लकब होती. फ्रेंचने ती वारशाने घेतली.

येथवर आपण एका शब्दाचे रूप पाहिले. याच घराण्यातील दोन शब्दांचे एक जोडरूप आहे. त्यात ‘आव्हवार’ म्हणजे जवळ असणे, किंवा ‘एत्र’ म्हणजे असणे, या साहाय्यक क्रियापदांचे मनोगतार्थी भूतकाळाचे रूप पुढे येते आणि त्यामागून मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक विशेषण येते. पहिल्याचे ‘तो’ चे रूप ‘यू’ आणि दुसऱ्याचे ‘फ्यू’. (या स्वराला देवनागरीत अक्षर नाही. ओठ ‘ऊ’ म्हणण्यासाठी गोल करावेत आणि आतून ‘ई’ म्हणावी, म्हणजे तो बरोबर निघतो.) या दोन्हींवर छप्पर असते. एक वाक्य रचून पाहू:

सि ल र्‍वा ल्यू स्यू, इल फ्यू व्हन्यू.

राजाला ते कळले असते, तर तो आला असता.

‘सि’ म्हणजे जर, ‘ल र्‍वा’ म्हणजे राजा. ‘ल्यू स्यू’ म्हणजे ‘ते कळले असते’, आणि ‘फ्यू व्हन्यू’ म्हणजे ‘आला असता’. आजच्या व्यवहारातील फ्रेंच या दोन भागांसाठी दोन निराळी रूपे वापरते: ‘जर’ च्या भागात साधा पूर्णभूतकाळ आणि ‘तर’ च्या भागात संकेताचे रूप. ग्रंथिक फ्रेंच मात्र दोन्हीकडे एकच साचा वापरू शकते. आता मराठी पाहा. ‘कळले असते’, ‘आला असता’. दोन्हीकडे साचा एकच. आपल्या शेजारची गुजराती ऐका: ‘जो एने खबर होत, तो ए आव्यो होत.’ येथेही दोन्ही अंगांना तोच ‘होत’. म्हणजे जे रूप आजच्या फ्रेंच विद्यार्थ्याला अवघड आणि जुनाट वाटते, त्याची घडण पलसाण्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्या मुलाच्या कानावर रोज पडते!

या जोडरूपाचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्लेझ पास्काल या तत्त्ववेत्त्याच्या टिपणांत आहे. पास्काल १६६२ साली मरण पावला, आणि त्याची टिपणे १६७० साली प्रथम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचे नाक आखूड असते, तर साऱ्या पृथ्वीचे रूप पालटले असते, अशा आशयाचा विचार पास्कालने मांडला आहे. त्यातील ‘असते’ या पहिल्या भागासाठी त्याने ‘यू एते’ हे आपले जोडरूपच योजले आहे. इतिहास लिहिणाऱ्याला ‘जर-तर’ ची भाषा वारंवार लागते. म्हणून हे रूप इतिहासाच्या आणि कथाकादंबऱ्यांच्या पानांतून विशेष आढळते.

असे हे उपयुक्त रूप बोलण्यातून गेले कसे? त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण असे, की ते ज्या साध्या भूतकाळावर उभे होते, तो भूतकाळच गेल्या दोन-अडीच शतकांत बोलण्यातून मागे पडला. पायाच खचला, मग भिंत कशी उभी राहणार? दुसरे कारण कानाचे. ‘तो’ चे रूप साध्या भूतकाळाहून ऐकण्यात निराळे नाही, आणि ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांची ‘पार्लास्यों’, ‘पार्लास्ये’ अशी रूपे फ्रेंच कानाला बोजड, किंबहुना हास्यास्पद वाटू लागली. घरात कोणी तसे बोलला, तर तो पंडिती मिरवतो असे लोक समजतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मुख्य क्रियापदाने भूतकाळ एकदा सांगितल्यावर गौण क्रियापदाने तो पुन्हा सांगण्याची गरज नसते. ‘त्याने यावे असे वाटले’ या आपल्या वाक्यात काय उणे पडते? आजचा फ्रेंच मनुष्य बोलताना ‘झ व्हुले किल व्हियेन’ असेच म्हणतो, म्हणजे वर्तमानकाळाचेच रूप ठेवतो. मराठीने जे आरंभापासून केले, त्याच वाटेने बोलीतील फ्रेंच पुढे आली असे म्हणावयास हरकत नाही.

लोकांच्या जिभेने जे केले, त्याला सरकारलाही मान्यता द्यावी लागली. २६ फेब्रुवारी १९०१ रोजी फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक निर्णय काढला. मुख्य क्रियापद संकेताच्या रूपात असताना विद्यार्थ्याने गौण वाक्यात भूतकाळी मनोगतार्थाऐवजी वर्तमानकाळी रूप लिहिले, तर ते चालवून घ्यावे, असे त्यात सांगितले होते. २८ डिसेंबर १९७६ च्या निर्णयाने ही सवलत मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाही लागू केली. परीक्षेत गुण कापले जाण्याचे भय असे टप्प्याटप्प्याने संपले. मात्र या निर्णयांनी ते रूप चुकीचे ठरवले नाही. ते सक्तीचे राहिले नाही, एवढेच. ‘तो’ चे रूप अजूनही कादंबऱ्यांत आणि गंभीर निबंधांत योजले जाते. शिवाय काही म्हणींसारख्या ठरीव शब्दसमूहांत ते पक्के बसले आहे. ‘देवाने करावे आणि असे व्हावे!’ या अर्थाचा ‘प्ल्यूताद्यो’ हा जुना उद्गार त्यांपैकीच होय.

हे सारे वाचून तुम्हांला वाटेल, की फ्रेंच लोक विचित्र आहेत. बोलतात एक आणि लिहितात एक. परंतु आपले काय? ‘आजोबा रोज पहाटे उठायचे आणि नदीवर जायचे,’ असे आपण बोलतो. पुस्तकात मात्र ‘आजोबा रोज पहाटे उठत आणि नदीवर जात’ असे वाचतो. कोठे ‘राजा दरबारात येई, फिर्यादी ऐके आणि न्याय करी’ असेही वाचतो. यातील ‘येई’, ‘ऐके’, ‘करी’ ही रीतिभूतकाळाची रूपे तुम्ही मधल्या सुट्टीत बोलताना कधी वापरली आहेत काय? ‘काल आमचा संघ जिंकता तर मजा येती,’ यातील ‘जिंकता’ हे एकेरी संकेतार्थी रूपही आता ‘जिंकला असता’ या जोडरूपाने मागे सारले आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात मराठी क्रियारूपांची आख्यातांच्या नावांनी बारकाईने व्यवस्था लावली. त्यांतील काही रूपे आज प्रामुख्याने पानांवरच भेटतात.

त्यातही ‘करी’ चा प्रवास पाहण्याजोगा आहे. हे रूप मुळात वर्तमानकाळाचे. ‘दाम करी काम’ किंवा ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणी घ्या. येथे ‘करी’ म्हणजे ‘करायचा’ नव्हे, ‘करतो’. पुढे ‘करतो’ हे रूप वर्तमानकाळात रूढ झाले आणि ‘करी’ कडे भूतकाळातील सवय सांगण्याचे काम आले. जुन्या ग्रंथांत ‘करी’ दिसले, की तेथे आजचा अर्थ लावून चालत नाही. लावला तर संत आज जे सांगत आहेत, ते पूर्वी कधीतरी घडत असे, असा भलताच बोध होतो. फ्रेंच पानावर आमच्या विद्यार्थिनीची जी फसगत झाली, तशीच फसगत मराठी पानावर आपली होऊ शकते. शाळेत मराठी शिकणाऱ्या, परंतु घराबाहेर पडताच गुजराती ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना तर अधिकच सावध राहिले पाहिजे. कारण ही रूपे आपल्या कानावर पडण्याचे प्रसंग थोडे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. हे रूप शिकावयाचे कशाला? बोलण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. पॅरिसच्या रस्त्यात कोणी ‘पार्लास्यों’ म्हणू लागला, तर लोक त्याच्याकडे पाहून हसतील. आणि आपल्यापैकी कोणी कडोदऱ्याच्या चौकात ‘मी रोज येथे येई’ म्हणाला, तरी तेच होईल. परंतु वाचताना ते रूप ओळखता आले नाही, तर हसू आपलेच होते, आणि त्याहून वाईट म्हणजे, लिहिणाऱ्यावर आपण नकळत खोटेपणाचा आळ घेतो. भाषा शिकणाऱ्याची दोन कपाटे असावीत: एकात रोज वापरावयाची रूपे, दुसऱ्यात केवळ ओळखावयाची रूपे. दुसऱ्या कपाटाची किल्ली हरवली, तर पूर्वजांची आणि पाहुण्यांची सारी पत्रे आत बंद होऊन पडतात.

ज्यांना पुढे फ्रेंच शिकावयाची असेल, त्यांनी ओळखीची ही साधी रीत ध्यानात ठेवावी. प्रथम ‘क’ किंवा ‘सि’ आहे का, ते पाहावे. नंतर ‘क’ च्या अलीकडचे मुख्य क्रियापद पाहावे: ते इच्छा, भीती, शंका वा गरज सांगते का? मग गौण क्रियापदाकडे वळावे. ते ‘तो’ चे असेल, तर शेवटच्या ‘टी’ च्या आधी छप्पर शोधावे. इतरांचे असेल, तर जोड ‘एस’ शोधावा. ‘टी’ पूर्वीचे छप्पर काही थोड्या वर्तमानकाळी रूपांवरही असते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. तिन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. त्या जुळल्या, की मराठीत ‘यावे’, ‘घ्यावे’ असा विध्यर्थ किंवा ‘घेईल की काय’ असा संशय घालून पाहावा. आणि ‘सि’ बरोबर ‘यू’ किंवा ‘फ्यू’ दिसले, तर निःशंकपणे ‘असता, असती, असते’ घालावे. अर्थ बहुधा आपोआप उलगडतो.

आमच्या विद्यार्थिनीने ही रीत तेथल्या तेथे करून पाहिली. ती पाने घेऊन ती खिडकीपाशी बसली आणि पेन्सिलीने एकेका छपराखाली रेघ मारीत गेली. दोन पानांत तिला अशी अकरा रूपे सापडली. मग तिने ते अडलेले वाक्य पुन्हा मोठ्याने वाचले आणि त्याचा अर्थ मराठीत सांगितला. या वेळी तिच्या तोंडून ‘घेतले नाही’ असे शब्द आले नाहीत. ‘घेईल की काय, या भीतीने’ असे आले. साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या मनात जे होते, ते तिच्यापर्यंत नीट येऊन पोहोचले.

जाताना ती म्हणाली, “सर, हे मला आधी कळले असते, तर ते पान मी तेव्हाच पुरे केले असते.” हे वाक्य फ्रेंचमध्ये कसे सांगावयाचे, हे तिला आता निराळे शिकवण्याची आवश्यकता नव्हती.